अनंत वजा अनंत

पॉल डिरॅक २० ऑक्टोबर १९८४ रोजी फ्लोरिडातल्या टॅलाहासी गावी वारले. प्रकाश आणि द्रव्य यांचा व्यवहार एकाच गणितात बसवणारी क्वांटम फील्ड थिअरी त्यांच्या १९२७ च्या निबंधापासून खऱ्या अर्थाने सुरू झाली. पुढे तिची जी वाढ झाली ती मात्र त्यांनी अखेरपर्यंत मान्य केली नाही. या सिद्धांतात जागोजाग उत्तर अनंत येते, आणि ते अनंत वजा करून टाकण्याची एक रीत १९४७ नंतर रूढ झाली. तिला रिनॉर्मलायझेशन म्हणतात. त्या रीतीने काढलेले आकडे प्रयोगाशी इतके जुळतात की विज्ञानात तशी दुसरी जोड सापडणे कठीण. तरीही डिरॅक म्हणत राहिले की हे गणित नव्हे.

या वादात मला दोन्ही बाजूंना वजन दिसते. एकट्याने मांडायला गेलो तर एका बाजूवर अन्याय होईल, म्हणून तो मी दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा पुण्यात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. भाची कणभौतिकीत संशोधन करणारी. फाइनमनच्या आकृत्यांची, म्हणजे कणांची देवघेव रेघांनी दाखवणाऱ्या चित्रांची, आकडेमोड हेच तिचे रोजचे काम. मामा डिरॅकच्या पक्षाचे, भाची प्रयोगाच्या.

मामा : मला सरळ सांग, अनंतातून अनंत वजा केले तर काय उरते? मी वर्गात सांगत आलो की काहीही उरू शकते, म्हणून ती वजाबाकी करायचीच नाही. तुम्ही ती करता आणि उरलेल्या आकड्यावर सिद्धांत उभा करता.

भाची : आधी हा अनंत आला कुठून ते बघ. तो क्वांटमवाल्यांनी आणलेला नाही. इलेक्ट्रॉनभोवती त्याचे विद्युतक्षेत्र असते, त्या क्षेत्रात ऊर्जा असते. इलेक्ट्रॉन बिंदूएवढा मानला तर त्याच्या जितके जवळ जावे तितकी ती ऊर्जा वाढते, आणि अंतर शून्य केले की अनंत होते. लॉरेंट्झच्या पिढीलाही हे ठाऊक होते. डिरॅकनी १९२७ मध्ये क्षेत्रालाच क्वांटमचे नियम लावले आणि अणूतून प्रकाश आपोआप बाहेर का पडतो हे प्रथमच नीट सांगितले. पण क्षेत्राला क्वांटमचे नियम लावले की निर्वातातही त्याची हालचाल थांबत नाही, आणि इलेक्ट्रॉन त्या हालचालीशी सतत देवघेव करत राहतो. १९३० मध्ये ओपेनहायमरनी त्या देवघेवीचा हिशेब करून हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या किती सरकतात ते पाहिले. उत्तर आले अनंत.

मामा : तिथेच थांबायला हवे होते.

भाची : थांबलेच होते की सगळे. पण तेव्हाची खरी अडचण वेगळीच होती. हे गणित एकामागून एक पदांच्या श्रेणीने करतात. पहिल्या पदापुरते केले तर उत्तर बरोबर यायचे. आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर होऊन ते कसे विखुरतात याचे गणित केले. १९३६ मध्ये ते छापून आले, आणि ते इतके पक्के आहे की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या यंत्रांत टकरींचा दर ठरवायला आजही भाभा स्कॅटरिंगचाच आधार घेतात. पहिले पद असे चोख आणि अधिक अचूकतेसाठी दुसरे पद काढायला गेले की अनंत! चुकीचा सिद्धांत पहिल्या पावलालाच पडतो. हा पहिले पाऊल नीट टाकून दुसऱ्याला पडत होता. तो फेकूनही देता येईना आणि वापरताही येईना.

मामा : मग १९४७ मध्ये असे काय झाले की वापरता यायला लागला?

भाची : प्रयोग झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी केला. त्यांनी टंगस्टनच्या भट्टीत हायड्रोजनचे रेणू फोडून अणूंचा झोत काढला. झोतावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून काही अणूंना दुसऱ्या पातळीतल्या एका अवस्थेत चढवले. ती अवस्था टिकाऊ आहे. असा अणू समोरच्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचतो, तिच्यावर आपटून इलेक्ट्रॉन उडवतो, आणि तो प्रवाह मोजता येतो. त्याच पातळीत दुसरी एक अवस्था आहे, ती क्षणात विझते. डिरॅकच्या समीकरणानुसार दोन्हींची ऊर्जा अगदी सारखी. लॅम्बनी झोतावर मायक्रोवेव्ह सोडल्या. युद्धात रडारसाठी जे तंत्र तयार झाले होते तेच हे. एका ठराविक कंपनसंख्येला पट्टीवरचा प्रवाह घसरला. म्हणजे टिकाऊ अणू विझणाऱ्या अवस्थेत ढकलले जात होते, आणि दोन्हींची ऊर्जा सारखी नव्हती. दोन्ही अवस्थांत सुमारे हजार मेगाहर्ट्झचा फरक निघाला. डिरॅकच्या हिशेबात तो शून्य, ओपेनहायमरच्या हिशेबात अनंत, आणि निसर्गात हजार.

मामा : हे मात्र सुंदर आहे. प्रयोगाबद्दल माझी तक्रार नाही. पुढे सांग.

भाची : जूनमध्ये लाँग आयलंडच्या टोकाशी शेल्टर आयलंडवर, रॅम्स हेड इन नावाच्या हॉटेलात जेमतेम दोन डझन भौतिकशास्त्रज्ञ जमले. लॅम्बनी आकडा सांगितला. हॉलंडच्या क्रॅमर्सनी तिथे एक विचार मांडला. इलेक्ट्रॉनचे जे वस्तुमान आपण मोजतो त्यात त्याच्या क्षेत्राचा वाटा आधीच धरलेला असतो, तो हिशेबात पुन्हा धरू नये. परिषद आटोपल्यावर हान्स बेथे न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जाणाऱ्या गाडीत बसले आणि त्या प्रवासातच त्यांनी गणित मांडले. अणूत अडकलेल्या इलेक्ट्रॉनची सरक अनंत येते. मोकळ्या इलेक्ट्रॉनचीही येते. दुसरी पहिलीतून वजा केली. उरले १०४० मेगाहर्ट्झ. मामा, वाण्याकडे तेलाचा डबा नेला तर तो आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, मग तेल ओततो. त्यात तो फसवत नाही. बेथेंनी धडाच केला.

मामा : डबा दोन शेर वजनाचा असेल तर धडा होतो. डब्याचेच वजन अनंत असेल तर काटा काय दाखवेल? शिवाय बेथेंचे गणित मीही वाचले आहे. वजाबाकीनंतरही त्यांना अनंतच मिळाले होते, थोडे सौम्य, लॉगरिदमच्या गतीने वाढणारे. ते त्यांनी इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेशी आपल्या हाताने तोडले. सापेक्षतेचे नियम पाळले तर पुढचा भाग राहणार नाही अशी त्यांची अटकळ होती. अटकळीला सिद्धता म्हणत नाहीत.

भाची : मान्य. बेथेंनाही ते मान्य होते. सापेक्षतेचे नियम पायरीपायरीला पाळून ते गणित पुरे करणारे तिघे निघाले. हार्वर्डचे ज्युलियन श्विंगर, कॉर्नेलचे रिचर्ड फाइनमन आणि तोक्योचे शिनइचिरो तोमोनागा. श्विंगरनी इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातली जादा भर काढली. डिरॅकच्या समीकरणात ती शून्य येते. विद्युतबलाचा जोर सांगणाऱ्या संख्येला अल्फा म्हणतात. श्विंगरना ती भर अल्फा भागिले दोन पाय, म्हणजे ०.००११६१ मिळाली, आणि कोलंबियातल्याच कुश आणि फोली यांच्या मोजमापाशी ती जुळली. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या थडग्यावर हेच सूत्र कोरलेले आहे.

मामा : आणि तोमोनागा?

भाची : त्यांची गोष्ट मला सगळ्यांत भिडते. सापेक्षतेशी सुसंगत असे क्षेत्रगणित त्यांनी १९४३ मध्येच जपानी भाषेत छापले होते. युद्ध चालू, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. इंग्रजीत ते १९४६ मध्ये आले, तोक्योची राख झालेली असताना. लॅम्बच्या प्रयोगाची बातमीही त्यांना कुठल्या शोधपत्रिकेतून मिळाली नाही, न्यूजवीक साप्ताहिकातून मिळाली. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तोच आकडा आपल्या रीतीने काढला आणि १९४८ च्या वसंतात ओपेनहायमरना पत्र लिहून कळवले. अमेरिकेतल्या मंडळींच्या हाताशी परिषदा होत्या, निधी होता, प्रयोगशाळा शेजारी होती. तोमोनागांजवळ यातले काही नव्हते, आणि तरी तेच उत्तर निघाले.

(इथे मामा थोडा वेळ काही बोलत नाहीत. तोमोनागांचे नाव आपल्याकडे फाइनमनच्या मानाने फारच कमी घेतले जाते, आणि तेही बहुधा १९६५ च्या नोबेलच्या यादीतले एक नाव म्हणून. फाइनमन बोलके, किस्से सांगणारे, म्हणून लोकांना पाठ. विज्ञान लिहिणाऱ्यांनी तोमोनागांचे ऋण फेडलेले नाही असे मला मनापासून वाटते.)

मामा : माणसे थोर होती, यात वाद नाही. पण तीन थोर माणसे एका ठिकाणी पोचली म्हणून ते ठिकाण बरोबर ठरत नाही. तिघांची गणिते एकच आहेत हे तरी कुणी दाखवले का?

भाची : फ्रीमन डायसननी. मूळचे गणिताचे, वय २४. श्विंगरची सूत्रे पानेच्या पाने लांब, फाइनमनच्या आकृत्या चार रेघांच्या. १९४८ च्या पोकोनो परिषदेत तर त्या आकृत्या नील्स बोर यांच्यासह कुणालाच पटल्या नव्हत्या. डायसननी उन्हाळाभर दोघांचेही म्हणणे ऐकून घेतले. सप्टेंबरमध्ये ते कॅलिफोर्नियाहून बसने परत निघाले होते. रात्री नेब्रास्का ओलांडताना दोन्ही रीती एकच कशा हे त्यांना उलगडले. १९४९ च्या निबंधात त्यांनी तिघांचे काम एका सूत्रात ओवले, आणि पुढच्याच निबंधात अनंत दरवेळी त्याच दोन ठिकाणी, वस्तुमानात आणि विद्युतभारात, कसे जिरवता येते ते दाखवले.

मामा : आणि नोबेल तिघांनाच मिळाले, कारण चौथ्याला देता येत नाही.

भाची : हो. डायसनना ते कधीच मिळाले नाही.

मामा : तो अन्यायच होता. पण बघ, तुझ्याच पक्षाच्या या गणितज्ञाने १९५२ मध्ये काय दाखवले ते तू सांगत नाहीस. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा आकडा तुम्ही अल्फाच्या घातांच्या श्रेणीने काढता. डायसन म्हणाले, समजा अल्फा ऋण आहे. मग सजातीय भार एकमेकांना ओढतील, निर्वातातून जोड्या निघून एका बाजूला इलेक्ट्रॉनांचे आणि दुसऱ्या बाजूला पॉझिट्रॉनांचे ढीग होतील, निर्वातच कोसळेल. श्रेणी अभिसारी असती तर तिला अल्फाची लहानशी ऋण किंमतही चालली असती. ज्या अर्थी चालत नाही, त्या अर्थी श्रेणी अपसारी आहे. म्हणजे एकेका पदातला अनंत काढून टाकल्यावरही पदांची बेरीज पुन्हा अनंतच. घरातली घाण उचलून अंगणात टाकल्यासारखे झाले.

भाची : डायसनचा तो युक्तिवाद आम्हीही मानतो. पण अपसारी श्रेणीतही आधीची पदे लहान लहान होत जातात आणि फार पुढे गेल्यावर वाढू लागतात. इथे ते शंभरेक पदे ओलांडल्यावर होईल. आमची पाच पदे झाली आहेत. पाचव्या पदासाठी १२,६७२ आकृत्या मोजाव्या लागल्या, आणि त्या मोजणीत तोइचिरो किनोशितांनी उभी हयात घातली. हे मामा, चिकाटीचे काम आहे. एक चिन्ह चुकले तर वर्ष वाया.

मामा : आणि उत्तर जुळते, म्हणून श्रेणी खरी?

भाची : जुळण्याबद्दलच एक गोष्ट सांगते. ती तुझ्या बाजूची आहे, पण लपवणार नाही. दुसरे पद १९५० मध्ये कार्प्लस आणि क्रोल यांनी काढले. ते धरून आकडा आला ०.००११४५. कोलंबियाच्या १९५२ च्या प्रयोगात मिळाला ०.००११४६. सगळे खूश! पुढे १९५६ मध्ये नव्याने मोजमाप झाले आणि आकडा जुळेना. तेव्हा स्वित्झर्लंडच्या आंद्रे पेटरमननी आणि श्विंगरचे विद्यार्थी चार्ल्स सॉमरफील्ड यांनी स्वतंत्रपणे ते पद पुन्हा काढले. कार्प्लस-क्रोलच्या आकडेमोडीत चूक होती. त्यांचा गुणक उणे २.९७३ होता, खरा उणे ०.३२८ निघाला.

मामा : म्हणजे चुकीचे गणित आणि चुकीचे मोजमाप काही वर्षे एकमेकांशी जुळून बसले होते! याहून अधिक मी काय बोलू? जुळते म्हणून खरे, हे तुझे ब्रीद तिथेच गळून पडले.

भाची : एका वेळी एक आकडा जुळला म्हणून खरे, असे मी म्हणतच नाही. पण पुढचा भाग बघ. गणिताला जर हवे तसे वाकवता आले असते, अनंतातून हवे ते उरवता आले असते, तर १९५६ चा नवा आकडा आल्यावर कुणीही वजाबाकी थोडी बदलून तो जुळवून घेतला असता. तसे करता आले नाही. नियम घट्ट होते, म्हणून चूकच शोधावी लागली, आणि दोघांना वेगवेगळे शोधून तोच गुणक मिळाला. अनंत वजा अनंत काहीही असू शकते हा तुझा आक्षेप इथे खोटा पडतो. सिद्धांताच्या सममितींनी ही वजाबाकी इतकी जखडलेली आहे की तिला एकच उत्तर आहे. त्यानंतर प्रयोग सुधारत गेले, पदे वाढत गेली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एकुलता एक इलेक्ट्रॉन चुंबकीय सापळ्यात धरून मोजला, ०.००११५९६५२१८०५९. सिद्धांत त्याच्याबरोबर बाराव्या दशांश स्थळाच्या आसपासपर्यंत येतो. तिथे तुलना अडते ती अल्फाच्या किमतीवरून. ती सीझियमच्या अणूंवरून बर्कलीत काढली आणि रुबिडियमच्या अणूंवरून पॅरिसमध्ये काढली, आणि दोन्ही किमती आपसांत पटत नाहीत. तो तंटा अजून चालू आहे.

मामा : ठीक. मग हे ऐक. अनंत येतो तो इलेक्ट्रॉन स्वतःच्याच क्षेत्रात गुंततो म्हणून. क्षेत्रच काढून टाकले तर? भारांनी भारांवर थेट, अंतरावरून परिणाम करायचा, मध्ये क्षेत्र नाही, स्वतःवर परिणाम नाही. हे माझे मनोराज्य नाही. फाइनमननी उमेदवारीच्या काळात आपले गुरू व्हीलर यांच्याबरोबर नेमके हेच केले होते. आणि पुढे आपल्या जयंत नारळीकरांनी हॉईलबरोबर तो धागा उचलला. विस्तारणाऱ्या विश्वात ही उपपत्ती कशी चालते ते त्यांनी दाखवले, मग तिला क्वांटमचे नियम लावले. विश्वाच्या क्षितिजामुळे वरच्या कंपनसंख्यांना आपोआप लगाम बसतो आणि बेरजा सांत राहतात, अशी त्यांची मांडणी होती. १९९५ मध्ये दोघांनी तिचा सविस्तर आढावा लिहिला. मराठी वाचकाला नारळीकर स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धांतासाठी आणि विज्ञानकथांसाठी माहीत आहेत. डिरॅकना छळणाऱ्या प्रश्नावर त्यांनी किती वर्षे घालवली हे फार थोड्यांना माहीत आहे.

भाची : ते काम मी आदराने वाचले आहे. पण फाइनमननी स्वतःच तो मार्ग सोडला. १९५१ मध्ये त्यांनी व्हीलरना लिहून कळवले की इलेक्ट्रॉन स्वतःवर परिणाम करत नाही हे आपले गृहीतच लॅम्बच्या प्रयोगापुढे टिकत नाही. आणि निर्वातातल्या जोड्यांमुळे अणुकेंद्राचा भार जवळून वेगळा दिसतो, त्याचा वाटाही लॅम्बच्या १०५७ मेगाहर्ट्झमध्ये आहे, उणे २७. तेवढा वाटा वगळला तर आकडा जुळत नाही.

मामा : नारळीकरांचे म्हणणे असे की स्वतःवरचा परिणाम म्हणून जो दिसतो तो उरलेल्या विश्वाचा प्रतिसाद आहे.

भाची : असेल. पण त्यासाठी विश्वाचा भविष्यकाळ विशिष्ट तऱ्हेचा असावा लागतो, आणि त्यातून अशी एकही नवी संख्या निघाली नाही जी प्रयोगात शोधता येईल. म्हणून लोक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांची चिंता मात्र खरी होती, आणि तिला उत्तर दुसरीकडून मिळाले. केनेथ विल्सनकडून, १९७१ मध्ये.

मामा : सांग. हेच मला कुणी नीट सांगितलेले नाही.

भाची : तुझ्याच भाषेत सांगते. आम्ही बेरीज शून्य अंतरापर्यंत नेतो, म्हणजे सीमा घेतो. का घेतो? तिथपर्यंतचे भौतिकशास्त्र आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो म्हणून. ते कुणालाच ठाऊक नाही. विल्सन म्हणाले, सीमा घेऊ नका. एका लहान अंतराशी थांबा, त्याखाली काय आहे ते माहीत नाही असे स्पष्ट म्हणा. आता ते थांबण्याचे अंतर थोडे बदला. मोठ्या अंतरावरची उत्तरे तीच राहायला हवी असतील तर समीकरणातली वस्तुमान आणि भार ही पदे त्या मानाने बदलावी लागतात. ती कशी बदलतात याचे समीकरण लिहिता येते. स्टुकेलबर्ग आणि तेच पेटरमन, मग गेल-मान आणि लो यांनी पन्नाशीच्या दशकात त्याची सुरुवात करून ठेवली होती. विल्सननी त्याचा अर्थ लावला. खालच्या अज्ञात जगाचा जो काही परिणाम वर पोचतो तो जवळजवळ सगळा त्या दोनच संख्यांत गोळा होतो. बाकीचे परिणाम अंतरांच्या गुणोत्तराच्या घाताने मरून जातात. म्हणून त्या दोन संख्या प्रयोगातून घ्यायच्या आणि पुढे चालायचे. यात कुठेही अनंत नाही. पाणी आणि वाफ यांतला भेदच जिथे मिटतो त्या क्रांतिक बिंदूपाशी, आणि तापलेला चुंबक चुंबकत्व सोडतो तिथे, घातांक अगदी सारखे का येतात हेही याच विचाराने सुटले, आणि १९८२ चे नोबेल विल्सनना त्यासाठी मिळाले.

मामा : म्हणजे मूळ अपराध वजाबाकीचा नव्हताच. हक्क नसताना सीमा घेतली, हा होता.

भाची : हो. आणि हे नुसते शब्द नाहीत. अल्फा अंतराप्रमाणे बदलतो हे मोजलेले आहे. अणूच्या पातळीवर तो १/१३७ आहे. जिनिव्हाच्या सर्नमध्ये झेड कणाच्या ऊर्जेला तो सुमारे १/१२८ भरतो.

मामा : मग डिरॅक बरोबर होते असे म्हण. त्यांना दिसत होते की शून्य अंतरापर्यंत हा सिद्धांत नेता येत नाही. लांडाऊंनाही १९५५ च्या सुमारास तेच दिसले. भार वाढत वाढत एका ऊर्जेला अनंत होतो, असे त्यांचे गणित होते. आणि २०२१ मध्ये आयझेनमन आणि ह्यूगो दुमिनिल-कोपाँ यांनी चार मितींतल्या सर्वांत साध्या क्षेत्राबद्दल सिद्ध करून दाखवले की सीमा खरोखर घेतली तर त्यात कणांचे एकमेकांशी काही देणेघेणेच उरत नाही. ही सिद्धता आहे, अटकळ नव्हे.

भाची : रोग त्यांनी ओळखला. पण त्यावर त्यांना हवा होता तो उपाय, सगळे सोडून नवे समीकरण शोधायचे, त्यातून काही निघाले नाही. डिरॅकनी जवळजवळ चाळीस वर्षे शोधले. लांडाऊ तर क्षेत्रसिद्धांताला मूठमाती द्यायला निघाले होते. आणि १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांना क्वार्कांच्या सिद्धांतात उलटे आढळले. तिथे अंतर कमी होईल तसा जोर कमी होतो. लांडाऊंचा रोग त्याला नाहीच. त्याची सीमा घेता यायला हवी.

मामा : 'यायला हवी' म्हणतेस. घेतली आहे का कुणी? क्ले इन्स्टिट्यूटने बक्षीस लावलेल्या गणिताच्या सात प्रश्नांतला एक हाच आहे. क्वार्कांच्या सिद्धांताचा पाया असलेला यांग-मिल्स सिद्धांत चार मितींत गणिताने उभा करून दाखवा. अजून कुणाला जमलेले नाही. ज्याच्यावर तुम्ही प्रोटॉनचे वस्तुमान काढता, तो सिद्धांत अस्तित्वात आहे हेच सिद्ध व्हायचे आहे.

भाची : प्रोटॉनचे वस्तुमान आम्ही विल्सनच्याच जाळीवर काढतो, अवकाशाचे लहान चौकोन पाडून, आणि ते प्रयोगाशी जुळते. पण तुझे म्हणणे खरे आहे. चौकोन शून्य केल्यावर काय उरते याची सिद्धता नाही. गुरुत्वाकर्षणात तर आमची रीत उघडपणे अपुरी पडते. तिथे दर पायरीला नवी अज्ञात संख्या लागते. ती दोन-चार मोजमापांत भागत नाही. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांना नवी चले दिली, ती याच कोंडीतून वाट काढायला. त्यांच्या वाटेवर अवकाश स्वतःच कणाकणाचा आहे, तिथे शून्य अंतर गाठताच येत नाही.

मामा : हे डिरॅकना आवडले असते.

भाची : आवडले असते. पण प्रयोगाने अजून होकार दिलेला नाही, म्हणून मी थांबते.

मामा : आणि मी सिद्धतेसाठी थांबतो.

माझा कौल सांगायला हवा. १९४७ ते १९७१ या काळात डिरॅक बरोबर होते. वजाबाकी चालत होती, पण ती का चालते हे कुणी सांगू शकत नव्हते, आणि कारण न विचारता चालणारी रीत वापरत राहणे त्यांना मंजूर नव्हते. विल्सननंतर भाचीची बाजू बरोबर आहे. तिच्या हातात आता कारणही आहे आणि सिद्धांताची हद्दही. डिरॅक मात्र विल्सननंतरही तेरा वर्षे तीच हरकत घेत राहिले, आणि तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. मामांचा उरलेला आक्षेप, सिद्धतेचा, तो तसाच उभा आहे आणि भौतिकीच्या प्रयोगशाळेत तो सुटणार नाही. आपल्याकडे गणितात एम.एस्सी. करणारी हुशार मुले या प्रश्नाला भौतिकीचा समजून सोडून देतात. त्यांनी तो आपला मानावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यावर लावलेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून कुणीही घेतलेले नाही.